सौर पंप, सतरा उद्दिष्टं आणि रिकामी विहीर

ताळेबंद:
‘उजेड’ यांनी शेजारच्या धाग्यावर लिहिलंय: “सौर कृषी पंप म्हणजे एका दगडात तीन पक्षी. उद्दिष्ट ७ ऊर्जा, १३ हवामान, २ अन्न. एनडीसी आणि एसडीजी यांत भांडण आहे म्हणणाऱ्यांनी बांधावर येऊन बघावं.” (एनडीसी म्हणजे पॅरिस हवामान करारात भारताने दिलेली वचनं, एसडीजी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं.) तिथे उत्तर लांबलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पक्षी तीन मोजले, पण ६ क्रमांकाचं काय? पाणी!

ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेल्या एनडीसीत आकडे कशाकशाला आहेत ते बघा. जीडीपीमागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के कमी. स्थापित वीजक्षमतेत ५० टक्के बिगर-जीवाश्म. आणि २०१५ पासून चालत आलेलं झाडांमधून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याचं वचन. अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, कलमात पाणी आहे, पण त्यापुढे आकडा नाही. आकडा नसलेल्या गोष्टीची आढावा बैठक लागत नाही, हे सरकारी कामाशी संबंध आलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता पंपाकडे या. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर ७.५. एचपी ठरतो सातबाऱ्यावरून. विहिरीला पाणी किती येतं हे कुणी विचारत नाही. ३० मीटर हेडवर, म्हणजे पाणी तेवढं वर चढवायचं असताना, ३ एचपीचा संच चांगल्या उन्हात दिवसाला ८० हजार ते १ लाख लिटर उपसतो. पिकाला रोज ५ मिलिमीटर धरलं तर एकरी २० हजार लिटर, म्हणजे अडीच एकरांना ५० हजार. उरलेलं पाणी कुठे जातं? एक तर पाटाने मोकळं सोडलं जातं, नाहीतर शेजाऱ्याच्या उसाला. इंधन फुकट म्हटल्यावर मोटर बंद करायचं कारणच उरत नाही.

उजेड:
माझ्याच वाक्यावर धागा, आभारी आहे. पण हिशेब अर्धाच मांडलात.

महावितरणचं शेतीचं वेळापत्रक माहीत असेलच. आलटून पालटून दिवसा ८ तास नाहीतर रात्री ८ ते १० तास. रात्रीच्या पाळीत साप, बिबट्या, चिखलातला स्टार्टर. दिवसा वीज ही शेतकऱ्याची किती जुनी मागणी आहे! ती पुरी होणं हे विकासाच्या कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्हीच सांगा.

आणि उपसा वाढतो हे कुणी सांगितलं? ५ एचपीची मोटर साधारण साडेचार किलोवॉट ओढते. ग्रिडवर ८ तास चालली तर ३६ युनिट. तेवढ्याच पंपाला ५ किलोवॉटचं पॅनल दिवसाला जेमतेम २० युनिट देतं. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर धार बारीक, ढग आला की आणखी बारीक. सौर पंप ग्रिडपेक्षा कमी उपसतो! पाणी पॅनल पीत नाही, पीक पितं. भांडायचं तर उसाशी भांडा, पण तिथे मतं जातात.

बसाल्ट:
दोघेही अशा विहिरीबद्दल बोलताय जी तळाशी कायम भरलेली असते. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या काळ्या खडकावर आहे. पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत. खाली घट्ट पाषाण. हा पंजाबचा गाळ नाही, जिथे वर्षानुवर्षं पातळी हळूहळू उतरते. इथे विहीर एकाच हंगामात संपते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरते.

म्हणून इथला प्रश्न वेगळा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी संपलं की ड्राय रन संरक्षण मोटर आपोआप बंद करतं, पॅनल ऊन खात उभं राहतं, आणि शेतकरी बोअरचं मशीन बोलावतो. ३० मीटर हेडसाठी दिलेला संच ७० मीटरवर लावला की धार निम्म्याच्याही खाली जाते. मग “कंपनीने फसवलं” अशी तक्रार. कंपनीने नाही, खडकाने. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरची मर्यादा आहे. बोअर मशीनवाला ती वाचून दाखवत नाही.

एकेकाची विहीर कोरडी पडली की नुकसान शेजाऱ्याचंही होतं, कारण भेगा सातबारा बघून थांबत नाहीत.

डीपीवाला:
पाण्याचं पाण्याच्या लोकांनी बघावं. मला एनडीसीच्या हिशेबाचीच शंका आहे.

वचन आहे स्थापित क्षमतेचं, म्हणजे किलोवॉटचं. युनिटचं नाही. २०२५ च्या मध्यात देशाने ५० टक्के क्षमता गाठली, पाच वर्षं आधी, पेढे वाटले गेले. प्रत्यक्ष निर्मितीत बिगर-जीवाश्म वाटा सुमारे पावच आहे. एकटा उभा असलेला सौर पंप हे याचंच छोटं रूप. ५ किलोवॉटचं पॅनल वर्षाला साडेसात हजार युनिट देऊ शकतं. ओलिताचे दिवस १५० धरले तर वापर तीन हजार. उरलेली वीज हवेत! पण ऑफ-ग्रिड, म्हणजे जाळ्याला न जोडलेल्या, क्षमतेच्या आकड्यात ते पाचही किलोवॉट इमाने इतबारे मोजले जातात.

त्यापेक्षा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी बरी. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प, कृषी फीडर (शेतीपंपांची वीजवाहिनी) वेगळा, दिवसा वीज, आणि सिंचन नसेल तेव्हा वीज जाळ्यात. पॅनल एकाच जागी, धुवायला माणूस, चोरीला कुंपण. शेतातल्या पॅनलचं काय होतं ते बघा: बोअरच्या क्षारी पाण्याने धुतात, पांढरा थर बसतो, बांधावरच्या बाभळीची सावली एका पॅनलवर पडली तरी एकामागे एक जोडलेल्या पॅनलची अख्खी स्ट्रिंग मार खाते, आणि अर्थिंग नीट नसेल तर वळवाच्या विजेत कंट्रोलर जातो.

आणि उत्सर्जन किती वाचलं हे सांगायचं तर आधी वापर किती होता ते माहीत हवं. तो माहीत नाही, कारण बऱ्याच पंपांना मीटर नाहीत. त्यांचं एचपीवर बिल. ५ एचपी वर्षाला १५०० तास चालतो धरलं तर ६,७५० युनिट, युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडने ४.७ टन. ७०० तास धरलं तर २.२ टन. तास कोण ठरवतं? खुर्ची. शेतीच्या नावावर वीजगळती खपवली जाते हा आरोप वीज नियामक आयोगापुढे आजचा नाही. मीटर लावा, मग पॅरिसच्या गप्पा मारा.

नांगरट:
झालं. पाण्यावरून, हवामानावरून, कशावरूनही सुरू करा, शेवट शेतकऱ्याच्या मीटरवर.

मीटर आलं की बिल येतं. आज ‘बळीराजा वीज सवलत’ची मोफत वीज ७.५ एचपीपर्यंत आहे, उद्या मीटर बसल्यावर “पहिले इतके युनिट मोफत” होणार, परवा ते इतके खाली येणार. हे न कळण्याइतका शेतकरी दूधखुळा नाही. आणि दरडोई उत्सर्जन बघा: आपलं साधारण दोन टन, अमेरिकेचं १४ च्या आसपास. दोन एकरवाल्याने पॅरिसचा मीटर स्वतःच्या बांधावर का लावायचा? शहरात मॉलला एसी लावताना उद्दिष्ट १३ कुठे असतं?

डीपीवाला साहेब, गळती तुमच्या जुन्या कंडक्टरची, वाकलेल्या पोलची, आणि ओव्हरलोड डीपीची (गावातल्या ट्रान्सफॉर्मरची). शेतीच्या डोक्यावर मारून तुम्हीच मोकळे.

डीपीवाला:
‘तुम्हीच’ म्हणजे कोण? मी कुठल्या कंपनीचा प्रवक्ता नाही. आणि पोल वाकलेला आहे हे सांगायला मीटर लागत नाही, पण गळती पोलची की तारेवर टाकलेल्या चोरीच्या आकड्याची हे सांगायला लागतंच.

नीट वाचा, पंपाला मीटर लावा म्हटलं तरी लगेच बिल येत नाही. फीडरच्या तोंडाला एक मीटर, प्रत्येक डीपीला एक. फीडर वजा डीपींची बेरीज म्हणजे वरच्या तारेची गळती. डीपीखाली नमुन्याला दहा-बारा पंपांना मीटर, त्यावरून एचपीमागे तास. एवढं केलं तरी अंदाज बराच सुधारतो. कुणाच्या घरी बिल जात नाही.

अडचणी खऱ्या आहेत, त्या मात्र कुणी बोलत नाही. कृषी फीडरवर वाड्या-वस्त्या बसलेल्या असतात, त्यांचा वापर शेतीत जातो. थ्री-फेज नसताना दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर चालते, ती वेळापत्रकात दिसत नाही. डीपी जळला की गावकरी वर्गणी काढून दुसऱ्या डीपीवर भार टाकतात, मग मीटरचा हिशेब कोलमडतो. डीपीच्या मीटरचा सीटी (करंट मोजायला लागणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) जळाला तर सहा सहा महिने कुणी बदलत नाही.

नांगरट:
सीटी सहा महिने बदलत नाही हे तुम्हीच लिहिलंत. मग मीटर लावून काय उजेड पडणार?

उजेड:
माझं नाव मध्ये आणू नका. 😄

डीपीवाला:
सीटी बदलत नाही म्हणून मीटरच नको, हा युक्तिवाद कुठल्या शाळेत शिकवतात? थर्मामीटर फुटतो म्हणून ताप मोजायचा नाही का?

माळरान:
तुमचा फीडर-डीपी चालू द्या. कुणी जमिनीबद्दल बोलणार आहे का?

वाहिनी योजनेला जागा लागते, आणि स्वस्तातली जागा म्हणजे गायरान. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं मिळतं. गायरानावर चरणाऱ्या मेंढरांना भाडं कोण देणार? धनगरांचे वाडे उठले की उद्दिष्ट १ चं, गरिबी हटवण्याचं, काय? महसुली कागदावर ‘पडीक’ लिहिलेलं सोलापूर-अहिल्यानगरकडचं माळ हे पडीक नाही, ते गवताळ परिसंस्था आहे. माळढोक, लांडगा, काळवीट तिथलेच. वर कार्बन शोषणाच्या वचनासाठी त्याच माळावर खड्डे खणून झाडं लावायची, तीही ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड. गवत आपला बराच कार्बन मुळांतून जमिनीत ठेवतं. ते उपटून वर झाड लावलं तर हिशेब उलटा पडू शकतो, पण उपग्रहाला झाड दिसतं, गवत दिसत नाही.

राजस्थानात हेच झालं. माळढोकासाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्या असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश होता. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला, आणि सरकारची बाजू होती एनडीसीची. उद्दिष्ट १३ विरुद्ध उद्दिष्ट १५ (जमिनीवरची जीवसृष्टी), थेट कोर्टात. “भांडण नाही” म्हणे!

नांगरट:
मेंढरांचं पटलं. लांडग्याचं वाचून हसू आलं. रात्री गोठा राखायला या.

उजेड:
चला, एवढं मान्य करतो की एकट्या पंपाचं पॅनल बरेच दिवस रिकामं राहतं. पण त्यावर उपाय योजनेतच आहे, फक्त तो कुणी मागत नाही. युनिव्हर्सल कंट्रोलर. त्याच पॅनलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की, छोटं शीतगृह चालतं. पंप बंद असताना तीन हजारांचे पाच हजार युनिट सहज होतील. किंवा गुजरातचं ढुंडी बघा, खेडा जिल्ह्यातलं. शेतकऱ्यांची सहकारी संस्था, उरलेली सौर वीज कंपनीला विकली. पाणी उपसलं तर वीज विकायची राहते, म्हणून उपशाला आपोआप लगाम. मीटरही आला, पण पैसे आणणारा. नांगरट, हा मीटर चालेल?

नांगरट:
पैसे वेळेवर आले तर चालेल. ‘वेळेवर’ला अधोरेखा.

डीपीवाला:
ढुंडीचं मॉडेल पाठ झालंय सगळ्यांना, पण ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर फीडर बंद पडला की स्वतः बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणारा लाईनमन मरेल. म्हणजे दिवसभर फीडर चालू ठेवण्याची हमी आधी. ती नसेल तर ना विक्री, ना पाणी.

ताळेबंद:
धागा मीटरवर गेला, हरकत नाही, पाण्याचा मीटर तर कुणीच मागितला नाही. उजेड यांचं ग्रिड-सौर गणित ग्रिडचे आठही तास पूर्ण व्होल्टेजने आले तर खरं. शिवाय जोडणी असलेल्याला सौर पंप नाही हा नियम सातबारा फोडून दुसऱ्या गटावर अर्ज केला की संपतो. मग दोन्ही पंप चालतात, वजाबाकी नाही, बेरीज.

राज्याच्या एसडीजी निर्देशांकात उद्दिष्टांच्या गुणांची सरासरी काढतात. ७ मध्ये दहा गुण वाढले आणि ६ मध्ये दहा घटले तर एकूण तेवढेच. फलकावर नुकसान दिसतच नाही. म्हणून जुळणी फलकावर नको, अर्जाच्या वेळी हवी. एचपी मंजूर करण्याआधी विहिरीची भरण मोजा. मीटरभर पाणी उपसा, मोटर बंद करा, तासाने टेप सोडा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तासाला १० सेंटिमीटर चढलं तर २,८०० लिटर, दिवसरात्र मिळून ६७-६८ हजार. तेवढ्याच पाण्याला बसेल तो पंप द्या, जमीन कितीही असो. ठिबक आधी, पॅनल नंतर. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचून मग पिकं ठरतात. केंद्राची अटल भूजल योजना राज्याच्या १३ जिल्ह्यांत होती, तिथे गावांचे आराखडे कागदावर तयार आहेत. ऊर्जा खात्याने ते उघडून बघावेत एवढंच मागणं.

बसाल्ट:
भरण फेब्रुवारीत मोजा. ऑक्टोबरमध्ये मोजली तर प्रत्येक विहीर ७.५ एचपीची निघेल. आणि आदल्या दिवशी शेजारच्या विहिरीची मोटर बंद ठेवायला सांगा, नाहीतर आकडा खोटा येतो.

नांगरट:
फेब्रुवारीत मोजायला माणूस येणार कोण? भूजलवाल्यांकडे माणसं नाहीत, कृषी सहाय्यकाकडे आधीच गावांचा ढीग. मग एजंट येईल, टेप न सोडता फॉर्म भरेल, आणि त्याचे पैसे वेगळे घेईल. आयडिया चांगली आहे हो, पण तिचं शुल्क शेवटी आमच्याच खिशातून.

ताळेबंद:
गावातल्या दोन मुलांना टेप द्या, ग्रामसभेत सगळ्यांसमोर आकडे वाचा. शेजाऱ्याच्या विहिरीचा खोटा आकडा गावात पचत नाही.

नांगरट:
सरपंचाच्या विहिरीचा पचतो.

डीपीवाला:
म्हणून म्हणतोय, मीटर.