मदत हवी आहे: लहान नद्यांच्या पुरावर भूगोलातून पीएच.डी. कुठे करता येईल?

नमस्कार. मी भूगोलात एम.ए. केले असून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) नाही आणि हे गुण एकच वर्ष ग्राह्य आहेत. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तशा पुराचे धोका-नकाशे हा माझा विषय आहे.

सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार-चित्रे तपासली. परंतु उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो आणि असा पूर काही तासांत ओसरतो, त्यामुळे हाती फारसे लागले नाही. एसआरटीएम या अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीच्या ३० मीटर उंची-प्रतिमानात (दर ३० मीटरला जमिनीची एक उंची देणाऱ्या नकाशात) तर नदीकाठचा अरुंद बांधही दिसत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर येते, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुजबीच. जळगावच्या विद्यापीठाला माझी ना नाही. बाहेरगावी मात्र शिष्यवृत्तीविना राहणे परवडणार नाही.

एम.एस्सी. नसताना आयआयटी मुंबई किंवा देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेसारख्या ठिकाणी पगारी प्रकल्प-सहायकाचे काम मिळू शकते का? आणि नदीवर पाणीपातळीचे मापनकेंद्र नसेल, तर घरांच्या भिंतींवरील पाण्याच्या खुणा जीपीएसने नोंदवून केलेली नकाशांची पडताळणी संशोधन आराखड्यात मार्गदर्शक मान्य करतात का?