नर्सरीचे आगाऊ पैसे कसे उभे करू? मदत हवी आहे (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. मी लेस्टरला राहते, लेक दीड वर्षाची, घरात आम्ही दोघीच. माझ्याकडे आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळतं. ऑक्टोबरमध्ये केअर होममध्ये आठवड्याला २४ तासांची नोकरी सुरू होतेय. सरकारकडून नर्सरीचे आठवड्याला ३० मोफत तास मला जानेवारीच्या टर्मपासून मिळतील. तोवरची फी माझ्यावर.

नर्सरीला पहिल्या महिन्याचे ७८० पौंड आणि १०० डिपॉझिट आधीच हवेत. युनिव्हर्सल क्रेडिट फीचे ८५ टक्क्यांपर्यंत देतं, पण एरवी ते आपण भरल्यानंतर. माझ्या खात्यात आज १४३ पौंड आहेत. आई पुण्याहून पाठवते म्हणते, पण तिच्या पेन्शनला मी हात लावणार नाही.

जून २०२३ पासून नवी नोकरी लागणाऱ्यांना पहिल्या फीसाठी आगाऊ मदत मिळते, हे मी स्वतः वाचलंय. तरी युनिव्हर्सल क्रेडिटच्या फोनवर मला "आधी भरा, मग पावती अपलोड करा" एवढंच ऐकवलं. फोन ठेवल्यावर रडूच आलं.

कुणी ही आगाऊ रक्कम घेतली आहे का? जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात निरोप लिहितो तिथे) नेमकं काय लिहिलंत? नर्सरीचं बिल पुरलं, की नोकरीचं पत्रही मागितलं? फ्लेक्सिबल सपोर्ट फंडातून (नोकरी धरताना लागणाऱ्या खर्चासाठीचा सरकारी निधी) डिपॉझिट मिळालं का? तो परत करावा लागत नाही, पण द्यायचा की नाही हे वर्क कोचच्या (आपली केस बघणाऱ्या सरकारी रोजगार कार्यालयातल्या अधिकाऱ्याच्या) हातात असतं म्हणे.

नर्सरी बघायला गेलो तर लेक वाळूच्या ट्रेपासून हलेना. शुक्रवारपर्यंत जागा राखून ठेवली आहे. प्लीज, अनुभव असेल तर आजच सांगा.