एचओ लेआउटवर मुंबई गोदी: जहाज केवढं घ्यावं आणि मिळतं कुठे?

लातूर_एचओ

नमस्कार मंडळी. मॉडेल रेल्वेचा बोर्ड ८ फूट × २ फूट, स्केल एचओ, म्हणजे १:८७. सत्तरच्या दशकातली मुंबई गोदी करायची आहे. मागच्या बाजूला गोदाम, मध्ये धक्क्यावर दोन रूळ आणि समोर बघणाऱ्याकडे ९ इंच पाणी, त्यात धक्क्याला लागलेलं एक मालवाहू जहाज, असा आराखडा आहे.

अडचण जहाजाची. नेटवर किट शोधलं की १:७००, १:३५०, १:१४४, १:७२ असे आकडे दिसतात, १:८७ चं जहाज क्वचितच. जवळपासच्या स्केलचं चालतं का? किती फरक खपतो? जत्रेत मिळणारी प्लास्टिकची बोट कामाला येईल का? तसाच खेळण्यातला एक टग (जहाजं ओढणारी छोटी बोट) हाताशी आहे, लांबी २४ सेंमी. धक्का पाण्यापासून किती उंच ठेवायचा? खोली वरच्या मजल्यावर आहे, एप्रिल-मेमध्ये स्लॅब तव्यासारखा तापतो, तेही धरून सांगा. बाहेरून हजारोंचं किट मागवायची तयारी नाही.

गोदाकाठ

दादा, किटच्या आधी आराखडा बदला. बघणारा आणि गाडी यांच्यामध्ये जहाज उभं केलंत तर जहाजच दिसेल, गाडी दिसणार नाही. हे कागदावर कळत नाही, बोर्डवर जहाज ठेवल्यावर कळतं.

आता माप बघा. त्या काळाला शोभेल असं जुनं मालवाहू जहाज म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बांधलेलं लिबर्टी जातीचं. लांबी १३४.६ मीटर, रुंदी १७.३ मीटर. ८७ ने भागा: १५४७ मिमी लांब, १९९ मिमी रुंद. तुमचा बोर्ड २४४० × ६१०. म्हणजे एकट्या जहाजाने एक तृतीयांश रुंदी खाल्ली, आणि ९ इंचाच्या पाण्यात पाणी म्हणून दिसायला जेमतेम ३ सेंमी उरले. आणि गोदीच्या मानाने हे मोठं जहाजसुद्धा नव्हे.

म्हणून उलटं करा. जहाज बोर्डामागच्या चित्राच्या पडद्याला चिकटवा, तेही उभं मधोमध कापून अर्धंच. १०० मिमी जहाज, त्याच्यापुढे १२-१५ मिमी पाण्याची फट, मग धक्का, मग रूळ. गाडी पुढे, काळी-तांबडी जहाजाची भिंत मागे. पूर्ण लांबीही नको. ९०० ते १००० मिमी पुरे, नाळेकडचं टोक एखाद्या गोदामाच्या आड किंवा बोर्डाच्या कडेला संपवा. जहाज तिथे संपलंय असं कुणाला वाटत नाही. ते पुढे गेलंय असंच वाटतं.

समोरचं ९ इंच पाणी काढून टाका. एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा पाण्याचा तुकडा ठेवा, त्यात टग, बार्ज (सपाट तळाची मालबोट), एखादा पडाव. ही सगळी बुटकी, गाडीला आड येत नाहीत, आणि १:८७ ला खरी पूर्ण लांबीची बसतात. ३० मीटरचा टग ३४५ मिमी, १५ मीटरची मच्छीमार बोट १७२ मिमी.

जालना_कानस

गोदाकाठ यांच्याशी सहमत. स्केलच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

खोक्यावरचा आकडा आणि तुमचा आकडा यांचा भागाकार करा. १:७२ ची वस्तू एचओवर ८७ ÷ ७२, म्हणजे २१ टक्के मोठी दिसते. ब्रिटिश ओओ १:७६ चं असतं, तिथे तीच वस्तू जेमतेम ६ टक्के मोठी, ती खपते. १:१०८ ची वस्तू एचओवर १९ टक्के लहान. रेव्हेल या किट कंपनीचा हार्बर टग १:१०८ चा आहे. तो धक्क्याला लागून ठेवलात तर शेजारी माणूस उभा केला की चोरी पकडली जाते. तोच पाण्यात दूर, पडद्याजवळ ठेवला तर उलट फायदाच, अंतर जास्त वाटतं.

बाकीच्या कंपन्यांपैकी एचओसाठी थेट बसणारं: लिंडबर्गचा डिझेल टग १:८७, वॉल्दर्सचा रेल्वे टग आणि वाघिणी वाहणारा तराफा, आणि आर्टिटेकची रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेची) जहाजं. आर्टिटेकचं वैशिष्ट्य म्हणजे बरीच मॉडेल पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेली येतात, बोर्डवर नुसती ठेवायची. एन स्केलवाल्यांसाठी (१:१६०) रेव्हेलचा फेअरप्ले टग १:१४४ आणि नॉर्थ सी ट्रॉलर १:१४२ उत्तम.

रेव्हेलच्या १:७२ कॉर्व्हेटच्या मोहात मात्र पडू नका. ८७ सेंमीचं सुंदर किट आहे, पण युद्धनौका, आणि ते दुसऱ्या महायुद्धातलं. सत्तरच्या दशकातल्या मालाच्या गोदीत तिचं काम काय?

परदेशी पार्सलचा हिशेब करताना सीमाशुल्क फक्त किटवर लागत नाही, वाहतूक खर्च धरून लागतं, हे लक्षात ठेवा. दोघा-तिघांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर वाहतूक वाटली जाते. रेझिनचं किट उन्हात तापलेल्या पार्सलमधून वाकडं येऊ शकतं. कढत पाण्यात, हाताला सोसणार नाही इतक्या, दोन मिनिटं बुडवा, सपाट काचेवर वजन ठेवून गार होऊ द्या, सरळ होतं. रंगाच्या आधी भांड्याच्या साबणाने ब्रश मारून धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य अंगावर राहिलं तर मास्किंग टेपबरोबर रंग सोलून येतो. कानस मारताना पाणी लावून मारा आणि तोंडाला मास्क, रेझिनची धूळ छातीला वाईट.

लातूर_एचओ

जहाज मागे नेण्याची गोष्ट पटली. मग अर्धं जहाज घरीच करता येईल असं वाटतंय. कशाचं करावं? आणि तो २४ सेंमीचा टग? त्याच्या केबिनचा दरवाजा २८ मिमी भरतो.

मीटरगेजवाला

दरवाजा मोजलात हे बेस केलंत. खेळण्याचं स्केल लांबीवरून कधीच ठरत नाही, दरवाजा, कठडा आणि शिडी यांच्यावरून ठरतं. खरा दरवाजा साधारण १.९ मीटर धरा. १९०० ÷ २८ म्हणजे केबिन जवळपास १:६८ ची. एचओला दरवाजा २२ मिमी हवा. पण सांगाडा २४० मिमी, म्हणजे एचओत सुमारे २१ मीटर, आणि एवढे छोटे टग गोदीत असतातच. तर खालचं ठेवा, वरची केबिन उडवा आणि २२ मिमी दरवाज्याची नवी करा. कठडा ११-१२ मिमी उंच. खेळण्यातला जाडजूड प्लास्टिकचा कठडा कापून तांब्याच्या बारीक तारेचा लावा, अर्धं खेळणेपण तिथेच जातं. उरलेलं अर्धं चकाकीत असतं: मॅट प्रायमर मारल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

खालचा बुडलेला भाग कापायचा. टग सपाट फरशीवर सरळ टेकवा, पेन्सिल एका लाकडी ठोकळ्यावर आडवी बांधा आणि ठोकळा फरशीवरून टगभोवती फिरवा. रेष आपोआप एका पातळीत येते. रेषेच्या २ मिमी खाली कापा, मग काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासत रेषेपर्यंत या. डोळ्याने रेष मारली तर टग एका अंगाला कललेला दिसणार, हमखास.

आता मोठं जहाज. गावोगावच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनी आपल्याला एक सोय करून ठेवली आहे: फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्डाची (हलक्या प्लास्टिक फोमच्या बोर्डाची) कात्रणं ढिगाने पडलेली असतात. ५ मिमी आणि ३ मिमी मागून आणा. थर्माकोल नको. स्प्रे रंगाने आणि फेविक्विकने तो विरघळतो, सनबोर्डाला तसं होत नाही.

५ मिमीची १००० × ९५ ची पट्टी तळाला. तिच्यावर दर ८० मिमीला एक याप्रमाणे आतून आधाराला १३ आडव्या उभ्या पट्ट्या, उंची ६० मिमी. मधला लांब भाग सरळसोट असतो, तिथे ३ मिमी सनबोर्ड बाहेरून लावा, म्हणजे रुंदी जवळपास १०० भरते. मागच्या गोलाईला ३०० जीएसएम कार्डाचे दोन थर फेविकॉलने. सनबोर्ड तिथे वळत नाही, तडकतो. प्लेटांच्या जोडासाठी साध्या कागदाच्या २२ मिमी रुंद पट्ट्या, कडा एकमेकींवर किंचित चढवून. रिव्हेट मारत बसू नका, लिबर्टी जहाजं वेल्डिंगची होती.

६० मिमी का, तर हिशेब असा. लिबर्टी पूर्ण भरल्यावर ८.५ मीटर बुडतं, डेक पाण्यापासून सुमारे ३ मीटर वर राहतो, म्हणजे एचओत ३३ मिमी. अर्धा माल उतरलाय असं दाखवलं की जहाज अडीच मीटर वर उचललं जातं, आणखी २९ मिमी. तेवढाच तांबड्या रंगाचा पट्टा खाली दिसला पाहिजे. वर काळं, खाली तांबडं. नुसतं काळं रंगवून पाण्यावर ठेवलेलं जहाज पत्र्याच्या पेटीसारखं दिसतं. तांबड्याच्या वरच्या कडेला हिरवट-तपकिरी घाणीची रेघ ओढा.

डोलकाठीला ६ मिमीची गोल लाकडी काठी. माल उचलायच्या तिरक्या दांड्यांना उदबत्तीच्या काड्या घासून गुळगुळीत करून. खिडक्यांना फेविक्विक लावू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढुरकं होतं. काच बसवायला फेविकॉलच.

बीडकर_एन

थ्रीडी प्रिंटचा पर्याय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. फाइल कुठल्या स्केलची आहे ते बघून टक्के काढा: १:१०० ची फाइल एचओसाठी ११५ टक्के, १:२०० ची एनसाठी १२५ टक्के. १:७०० ची फाइल एनला ४३७ टक्के फुगवावी लागते, तेव्हा कठडे लोखंडी गर्डरसारखे जाड होतात. सांगाडा तिथून घ्या, बारीक काम वेगळं करा. २२० मिमीच्या प्रिंटरवर ३४५ मिमीचा टग दोन तुकड्यांत छापावा लागतो. जोड केबिनच्या भिंतीखाली येईल असा कापा, झाकला जातो.

काका, तुमच्या तापणाऱ्या खोलीसाठी एकच सूचना: प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक वापरू नका. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या बोटीची नाळ लोंबते. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापरा.

कागदी मॉडेल हाही स्वस्त मार्ग आहे. ती बहुधा १:२५० ची असतात. एनला १५६ टक्के, एचओला २८७ टक्के मोठी करून छापायची. पण ए४ चं पान १५६ टक्क्यांना ए३ वरसुद्धा मावत नाही, तुकडे करून छापावं लागतं. आणि कागदही तेवढाच जाड घ्यावा लागतो, नाहीतर पोट आत जातं.

गोदाकाठ

धक्क्याची उंची राहिलीच. यावरच सगळ्यात जास्त चुका होतात.

मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. उघड्या धक्क्यावर ओहोटी दाखवायची तर पाणी ५० मिमीच्याही खाली जातं. पण इंदिरा गोदी, म्हणजे जुनी अलेक्झांड्रा गोदी, ही दरवाज्यांनी बंद होणारी गोदी आहे. आत पाणी एका पातळीत धरून ठेवतात. म्हणून धक्का पाण्यापासून २ मीटर, एचओत २३ मिमी, निर्धास्त ठेवा. बोर्डही खोल कापावा लागत नाही. मग जहाजाचा डेक धक्क्याच्या ३९ मिमी वर येतो. चढायची शिडी ३० अंशांत लावली तर ७८ मिमी लांब लागते.

धक्क्यावरचे रूळ जमिनीत गाडलेले असतात. मधला भराव रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा, आतल्या कडेला चाकासाठी दीड मिमी खाच सोडा. भराव माथ्याबरोबर आणलात तर रूळ पुसायचा ठोकळा धक्काच घासत बसतो आणि इंजिन अडखळतं. रूळ गाडण्याचा एक छुपा फायदा: आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, एचओत १९.३ मिमी व्हायला हवी, आपण चालवतो १६.५ वर. स्लीपर झाकले की हा फरक कमी खुपतो.

पाणी निळं करू नका. गोदीचं पाणी गढूळ, हिरवट-राखाडी. तळ तसा रंगवा, कडेला गडद, मध्ये किंचित फिका. त्यावर टिश्यू पेपर, पाणी मिसळलेल्या फेविकॉलने सुरकुत्या पाडत चिकटवा, वाळल्यावर पुन्हा रंग, मग ग्लॉस वॉर्निशचे तीन थर. लाटा बारीकच. बंद गोदीत उसळत्या लाटा येणार कुठून?

जालना_कानस

पाण्यासाठी इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव) ओतायचंच असेल तर एका वेळी २ मिमी, त्याहून जाड नाही. चाळीस अंशांत ते भांड्यातच तापून घट्ट व्हायला लागतं. पहाटे ओता, थोडं-थोडं मिसळा. शिवाय ते जहाजाच्या अंगावर ओलीसारखं वर चढतं आणि सुकल्यावर चमकती कड दिसते. म्हणून टग पाण्यात कायमचा बसवू नका. त्याच्या आकाराची खाच ठेवा, टग नुसता आत ठेवा, फट ग्लॉस जेलने बुजवा. धूळ पुसायला उचलता येतो.

दोरखंड ०.७ ते ०.८ मिमीचे. काळा शिवणदोरा मेणावरून ओढून घ्या, नाहीतर त्याची लव दोरखंडाला केस फुटल्यासारखी दिसते. जहाजाचा दोर ताणून बांधू नका, मधे थोडा झोळ राहू द्या. टायरच्या फेंडरसाठी वायरचं ११ मिमी व्यासाचं काळं आवरण चकत्या पाडून वापरा.

लातूर_एचओ

उद्याच फ्लेक्सवाल्याकडे जातो. एक शंका राहिली: अर्ध्या जहाजाची कापलेली बाजू पडद्याला टेकते तिथे वरून सांधा दिसेल का?

मीटरगेजवाला

दिसेल, बोर्ड कमरेच्या उंचीवर असेल तर. बोर्ड छातीपर्यंत, ४ ते साडेचार फुटांवर घ्या, डेकच्या मागच्या कडेला ११ मिमीचा कठडा आणि केबिनची भिंत उभी करा. डेक पडद्याकडे २ मिमी उतरता ठेवलात तर नजर तिथवर पोचतच नाही.