मदत हवी आहे: एकाच बटणावर छोटा दाब आणि लांब दाब, आर्डुइनो आणि मखराची रोषणाई

पाचव्होल्टी (धागाकर्ता)

मंडळी, गणपती तोंडावर आलेत आणि माझं मखर रुसून बसलंय.

सामान असं: आर्डुइनो ऊनो हा कोड घालता येणारा छोटा बोर्ड (मूळचा नाही, स्वस्तातली नक्कल), डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशी) पाच मीटरची स्ट्रिप, मीटरला ३० दिवे म्हणजे एकूण १५०, आणि एक साधं पुश बटण. सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ घेतलं. बटणाची एक बाजू ४ नंबरच्या पिनला, दुसरी ग्राउंडला, पिन इनपुट-पुलअप (आतल्या रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढलेली). म्हणजे बटण दाबलं की लो, सोडलं की हाय.

बटण एकच हवंय, कारण ते आई दाबणार. एकदा दाबलं की पुढचा नमुना. दोन सेकंद दाबून धरलं की शेजारतीनंतरचा मंद पिवळा उजेड. पटपट दोनदा दाबलं की आरतीसाठी लख्ख पांढरा.

पहिल्यांदा नेटवर मिळालेला कोड घेतला. त्यात दर पावलाला डिले(५०), म्हणजे ५० मिलिसेकंदांचा थांबा, होता. बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म. मध्येच कधीतरी लागू पडायचं, तेव्हा एका दाबात दोन-तीन नमुने पुढे.

मग सगळ्यांनी सांगितलं तसा मिलिस() (वीज दिल्यापासून झालेले मिलिसेकंद) वापरून नवा लिहिला. बटण लो झालं की ती वेळ 'सुरुवात' मध्ये ठेवतो, आणि मिलिस() − सुरुवात २००० च्या वर गेलं की शेजारती. आता गंमत बघा. वीज दिल्यावर पहिलं अर्धं मिनिट झकास चालतं. त्यानंतर बटणाला नुसतं बोट लावलं तरी थेट शेजारती! रीसेट केलं की पुन्हा अर्धं मिनिट शहाण्यासारखं. शिवाय त्या बऱ्या अर्ध्या मिनिटातसुद्धा बटण धरून ठेवल्यावर शेजारती येते खरी, पण बोट उचललं की लगेच पुढचा नमुना सुरू होतो.

बटण बदलून पाहिलं, वायर बदलली. फरक शून्य. मी मेकॅनिकलवाला आहे, तेव्हा जरा उलगडून सांगा.

सोल्डरवाली

बटण आणि वायर दोन्ही निर्दोष आहेत, त्यांना सोडा.

पहिला कोड का ढिम्म होता ते आधी. एक रंग १५० दिव्यांवरून सरकवायचा आणि दर पावलाला ५० मिलिसेकंद थांबायचं, म्हणजे एका फेरीला साडेसात सेकंदांहून जास्त. एवढा वेळ बटणाकडे कोणी बघतच नाही. तुमचा दाब असतो पाव सेकंदाचा. तो नेमका फेरीच्या शेवटी पडला तरच दिसणार. आणि नमुना छोटा असेल तर एका दाबात लूप (कोडचा सतत फिरणारा मुख्य भाग) तीनदा फिरतो आणि तीनदा 'लो' वाचतो, म्हणून तीन नमुने पुढे. 'बटण दाबलेलं आहे' आणि 'बटण आत्ता दाबलं गेलं' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला दुसरी हवी आहे, म्हणजे हाय ते लो हा बदल.

बदल धरायचा म्हटलं की पत्र्याची थरथर आडवी येते. बटणातली पट्टी एका झटक्यात चिकटून बसत नाही, काही काळ उडत राहते. जॅक गॅन्सल या अमेरिकी अभियंत्याने १८ निरनिराळे स्विच घेऊन हे मोजलं होतं. दोन वात्रट नमुने बाजूला ठेवले तर सरासरी थरथर दीड मिलिसेकंदाच्या आसपास आणि सगळ्यांत जास्त ६.२. वात्रटांपैकी एक मात्र १५७ पर्यंत गेला होता. तेव्हा ३० मिलिसेकंद स्थिर राहिलं तरच खरं मानायचं. माणसाला तेवढा उशीर कळत नाही.

बोट उचलल्यावर पुढचा नमुना येतो याचं कारण, छोटा दाब कधी मोजायचा हे तुम्ही ठरवलेलंच नाही. छोटा दाब सोडताना ठरतो, लांब दाब धरलेला असतानाच ठरतो. आणि लांब दाबाचं काम होऊन गेलं असेल तर सोडताना गप्प बसायचं. त्यासाठी एक खूण ठेवा. सांगाडा देवनागरीतच लिहिते:

आता = मिलिस()
वाचन = बटणाची पिन

जर वाचन ≠ मागचं_वाचन → बदल_वेळ = आता
मागचं_वाचन = वाचन

जर (आता − बदल_वेळ) > ३० आणि वाचन ≠ पक्कं:
  पक्कं = वाचन
  जर पक्कं = लो → दाब_वेळ = आता, काम_झालं = नाही
  नाहीतर, जर काम_झालं = नाही → पुढचा नमुना

जर पक्कं = लो आणि काम_झालं = नाही आणि (आता − दाब_वेळ) ≥ २०००:
  शेजारती
  काम_झालं = हो

'पक्कं' आणि 'मागचं_वाचन' दोन्ही सुरुवातीला हाय ठेवा, नाहीतर वीज आल्या आल्या एक खोटा दाब मोजला जाईल. यात कुठेही कोणी कोणासाठी थांबत नाही. लूपच्या प्रत्येक फेरीत हे एकदा चालवायचं आणि पुढे जायचं. नमुनेही असेच लिहावे लागतील: 'पुढचं पाऊल टाकायची वेळ झाली का?' एवढंच विचारायचं. नुसतं बटण मिलिसवर आणून नमुन्यात डिले ठेवलात तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अर्ध्या मिनिटाच्या भानगडीसाठी 'सुरुवात' कुठल्या प्रकारात ठेवलीय ते सांगा. माझा संशय आहे.

पाचव्होल्टी

ताई, 'इंट सुरुवात' असं आहे.

मोजपट्टी

तिथेच घोडं पेंड खातंय.

ऊनोवर इंट हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. मिलिस() देतं ३२ बिटांची बिनचिन्हाची संख्या. वीज दिल्यापासून ३२.७६७ सेकंद होईपर्यंत ती इंटात मावते. पुढे मावत नाही.

समजा ४० व्या सेकंदाला बटण दाबलं. मिलिस ४०,०००, पण इंटात ते बसतं −२५,५३६ म्हणून. आता वजाबाकी करा: ४०,००० − (−२५,५३६) = ६५,५३६. ते २००० पेक्षा केव्हाच मोठं, म्हणून बोट टेकताक्षणी शेजारती. मिनिटभरानंतर आकडे पुन्हा धन होतात, पण फरक ६५,५३६ किंवा त्याच्या पटीतच राहतो, म्हणून सुधारत नाही. तुमचं 'अर्धं मिनिट' हे निरीक्षण इतकं नेमकं होतं की कोड न बघता सांगता आलं. लोक नुसतं 'चालत नाही' लिहून मोकळे होतात.

वेळेचे सगळे चल 'अनसाइन्ड लाँग' (३२ बिटांचे, बिनचिन्हाचे) करा. मिलिस ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, पण 'आता − तेव्हा' अशी वजाबाकी ठेवलीत तर त्या वळणावरही उत्तर बरोबरच येतं. 'तेव्हा + २००० < आता' अशी बेरीज मात्र त्या दिवशी गंडते. अनंत चतुर्दशीपर्यंत दोन्ही चालतील, तरी सवय वजाबाकीची ठेवा.

आणखी एक. तुलना कधीही 'बरोबर २०००' अशी करू नका, नेहमी ≥. ऊनोचा घड्याळ-टायमर खरं तर दर १.०२४ मिलिसेकंदांनी टिकटिकतो. साचलेला फरक भरून काढायला मिलिस मधूनच एक आकडा गाळून पुढे उडी मारतं. तुमचा २००० नेमका गाळला गेला तर बसा वाट बघत.

बिनतारी

एवढा व्याप कशाला? बटण इंटरप्टवर (चालू काम अडवून मध्येच धावणाऱ्या कोडवर) टाका. दाबलं की लगेच कळेल, लूप कितीही रेंगाळू दे.

मोजपट्टी

ऊनोवर त्यासाठी बटण २ किंवा ३ नंबरच्या पिनला न्यावं लागेल, हे किरकोळ झालं. मुख्य अडचण थरथरीची. एका दाबाला इंटरप्ट पाच-दहा वेळा वाजू शकतो, तेव्हा गाळणी लावावी लागतेच. इंटरप्टच्या आत मिलिस पुढे सरकत नाही, त्यामुळे 'दोन सेकंद धरलं का' हे तिथे मोजता येणार नाही, बाहेर येऊनच बघायचं. वर आठ बिटांच्या चिपला चार बाइटांचा चल एका दमात वाचता येत नाही, तो दोन्हीकडून वापरायचा तर व्होलाटाइल (दर वेळी ताजा वाच) लिहा, वाचताना इंटरप्ट बंद करा, हे सगळं आलं. बोर्डाला झोपवून बटणाने उठवायचं असेल तर इंटरप्ट हवाच. माणसाचं बोट वाचायला लूप पुरे.

सोल्डरवाली

सहमत. आणि पटपट दोनदा दाबण्याची कल्पना सोडून द्या असा माझा सल्ला. दुसरा दाब येतोय का हे बघायला पहिल्या दाबानंतर ३००-४०० मिलिसेकंद थांबावंच लागतं, त्यामुळे साधा एकेरी दाबही आळशी वाटायला लागतो. वयस्कर माणसांचे दोन दाब सावकाश पडतात. मुदत वाढवाल तर एकेरी आणखी मंदावणार. आरतीला दुसरं बटण लावा, पाच-दहा रुपयांचं काम. आईंना 'डावं आरतीचं' एवढं सांगितलं की झालं.

पाचव्होल्टी

अनसाइन्ड लाँग केलं, अर्ध्या मिनिटाचं भूत पळालं. ताईंचा सांगाडा जसाच्या तसा घातला, बोट उचलल्यावरचा आगाऊपणाही गेला. आरतीचं बटण वेगळं केलं. नमुन्यांतले सगळे डिले उपटले, आता लूप मोकाट पळतोय.

पण नवीनच झालंय. दोन सेकंदांचा दाब आता चार-पाच सेकंद धरावा लागतो. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पाहिलं. २००० च्या जागी १००० केलं तर अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. स्ट्रिप काढून फक्त बोर्डवरचा दिवा लावला की बरोबर दोन सेकंद! आणि आरतीचा लख्ख पांढरा लावला की स्ट्रिपचं शेपूट लालसर दिसतं, एकदा तर बोर्डच रीसेट झाला. एसएमपीएस (वीजपुरवठा) ५ व्होल्ट ५ अँपिअरचा आहे.

मोजपट्टी

स्ट्रिप काढून पाहिलीत हे फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे.

या दिव्यांना माहिती अगदी नेमक्या तालात द्यावी लागते. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, एका दिव्याला २४ बिट, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. १५० दिव्यांना साडेचार मिलिसेकंद. तो ताल बिघडू नये म्हणून निओपिक्सेलची लायब्ररी (या दिव्यांसाठीचा तयार कोड) शो(), म्हणजे रंग स्ट्रिपला पाठवणं, चालू असताना सगळे इंटरप्ट बंद करते. आणि मिलिस चालतं टायमरच्या इंटरप्टवर. साडेचार मिलिसेकंदांत चारेक टिकटिका येतात. चिप त्यातली एकच लक्षात ठेवते, बाकीच्या गेल्या वाया. म्हणजे दर शो() मागे साधारण साडेतीन मिलिसेकंद घड्याळातून गळतात.

डिले होते तेव्हा शो() क्वचित व्हायचं, म्हणून गळती जाणवत नव्हती. आता लूप मोकाट आहे. रंगांच्या गणिताला दीड मिलिसेकंद धरा, शो() चे साडेचार, एकूण सहा. त्यातले मोजले जातात अडीच. दोन सेकंदांचे होतात पावणेपाच. तुमच्या स्टॉपवॉचशी जमतंय.

उपाय: शो() दर ३० मिलिसेकंदांनीच बोलवा, त्याच वजाबाकीच्या पद्धतीने. डोळ्याला सेकंदाला तीसेक चित्रं भरपूर झाली. मग दोन सेकंदांचे सव्वादोन होतील, आईंना फरक कळणार नाही. शेजारतीचा उजेड तर स्थिरच असतो, तिथे शो() एकदाच, पुन्हा पुन्हा कशाला? बटण मात्र लूपच्या प्रत्येक फेरीत वाचत राहा.

पुढच्या वर्षी दिवे वाढवणार असाल तर ईएसपी३२ बोर्ड घ्या. त्यात ही माहिती वेगळं हार्डवेअर पाठवतं, घड्याळाला धक्का लागत नाही. फक्त त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवरच्या स्ट्रिपला किमान साडेतीन हवेत, म्हणून मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप टाका.

सोल्डरवाली

लाल शेपटीचं मी सांगते. पूर्ण पांढऱ्याला एका दिव्याला ६० मिलीअँपिअरपर्यंत धरायचे. १५० दिव्यांना ९ अँपिअर. तुमचा एसएमपीएस ५ चा. व्होल्टेज खाली बसतं आणि निळा-हिरवा आधी मान टाकतात, म्हणून शेपूट लाल. आरतीची ब्राइटनेस २५५ ऐवजी १०० ठेवा, मखरात तेवढीही डोळ्यांवर येते. आणि ५ व्होल्ट व ग्राउंडच्या जाड वायरी स्ट्रिपच्या दोन्ही टोकांना द्या.

बटणाची वायर किती लांब आहे?

पाचव्होल्टी

तीनेक मीटर. मखराच्या मागून, विजेच्या माळांच्या शेजारून जाते.

सोल्डरवाली

मग आतल्या पुलअपवर विसंबू नका, तो २० ते ५० किलोओहमचा, फारच मवाळ. पिनपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन ते ग्राउंड १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर. वायर माळांपासून वीतभर लांब ठेवा, बटणाची आणि ग्राउंडची एकमेकींना पिळून न्या.

पाचव्होल्टी

३० मिलिसेकंदांचं बंधन घातलं, स्टॉपवॉचवर सव्वादोन सेकंद येतात. ब्राइटनेस १०० केली, शेपूट पांढरं झालं. दोन्ही बटणं आईकडून दाबून घेतली, तिला जमतंय. रेझिस्टर उद्या आणतो. तो १०४ बटणापाशी लावू की बोर्डापाशी?

सोल्डरवाली

बोर्डापाशी, पिनच्या जितका जवळ जाईल तितका. दोन्ही बटणांना वेगवेगळा.