तुमच्याकडे कोणता डाव रंगायचा? मेंढीकोट, तीनशेचार, पाच-तीन-दोन... अनुभव लिहा

सासवडची लेक
नणंदेच्या मुलीचं लग्न झालं गेल्या आठवड्यात, व्याही इंदूरचे मराठी. रात्री मेंदी सुकेपर्यंत जागायचं होतं म्हणून कुणीतरी कॅट काढला. मी म्हटलं चला मेंढीकोट, तर त्यांच्याकडच्या काकू म्हणाल्या अहो आमच्याकडे देहला पकड खेळतात. पानं वाटली तर खेळ जवळजवळ तोच, चौघं, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, दश्श्या पकडायच्या. पण त्यांच्यात पडलेला हात लगेच उचलायचा नाही! मधेच ठेवायचा, आणि एकाच माणसाने लागोपाठ दोन हात मारले की मग सगळी थप्पी त्याची. बदामची दश्शी मधे पडलेली, प्रत्येक जण एकेक हात मारतोय आणि थप्पी वाढत चाललीये, काय धडधड होते सांगू! आम्ही पहाटे साडेतीनपर्यंत खेळलो आणि दोन्हीकडची माणसं जी जेवणाच्या पंगतीत नुसती हो हो करत होती ती एकमेकांना अरे-तुरे करायला लागली.
मला एकदम आजोळ आठवलं. मे महिना, मामाच्या घरची पडवी, दुपारी आजी झोपली की सतरंजी. मामा बंद हुकूमवाला, पान लपवून मांडीखाली ठेवायचा आणि वरून बसायचा. एक पान हरवलेलं, त्याच्या जागी जोकर, त्यावर बॉलपेनने 'किलवर पंजी' लिहिलेलं, ते कुणाकडे आहे हे सगळ्यांना मागूनच दिसायचं.
माझं म्हणणं असं की माणूस कुठला आहे ते भाषेआधी पत्त्यांच्या डावात कळतं. तुमच्या भागात, तुमच्या घरात काय चालायचं, कोणते नियम, सगळं लिहा.

घाटमाथा
मेंढीकोट. दुसरं काही नाही. आणि कट हुकूमच. बंद हुकूम म्हणजे अर्धं नशीब.

सासवडची लेक
@घाटमाथा मामा असता तर भांडला असता तुमच्याशी 😄

घाटमाथा
भांडू द्या की, पण ऐका. कट हुकुमात ज्याच्याकडे उतरलेला रंग पहिल्यांदा नसेल तो जे पान टाकेल तो हुकूम. म्हणजे कोणता रंग आधी संपवायचा, काटताना काय टाकायचं, भिडूकडे काय असेल, सगळा विचार त्या एका पानात. आमचे वडील काटायच्या आधी हातातली पानं मिटून ठेवायचे, चष्मा पुसायचे, परत उघडायचे. तोपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. फळी बसवायच्या कामावर होते, शिक्षण चौथी, पण पडलेली बावन्नच्या बावन्न पानं डोक्यात. मला आजही वाटतं त्यांना कुणी ब्रिज शिकवलं असतं तर मोठ्या स्पर्धा खेळले असते.

मिरजमावशी
पाच तीन दोन!!! तिघंच असलो की. सगळ्या रंगांच्या अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत आणि वर इस्पिक सत्ती, बदाम सत्ती, झाली तीस पानं. माझ्या थोरल्या बहिणीला पाच हात करायचे असले की ती पहिली पाच पानं बघून हुकूम सांगताना डोळे मिटून गजाननाचं नाव घ्यायची. आणि मागच्या डावात कमी पडलेल्याकडून पान ओढायची मजा, माझा एक्का ओढला की मी रडायचे अक्षरशः. आई ओरडायची, एवढं तिखट लागतंय तर खेळू नका. आता ती बहीण नाही. गेल्या वर्षी गेली. तिच्या मुलांनी कपाट आवरताना कॅट मला दिला, पिवळा पडलाय, पावडर लावून ठेवलाय मी.

सासवडची लेक
मावशी 🙏 जवळ घ्यावंसं वाटतंय तुम्हाला.

कारवारी मासा
आमच्याकडे मेंढीकोट पोरांचा, मोठ्यांचा तीनशेचार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सत्तीपासून वरची बत्तीस पानं. इथे गुलाम राजाच्या डोक्यावर बसतो. गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, बाकी शून्य. एका रंगाचे ७६, चारांचे ३०४, म्हणून ते नाव. आधी चारच पानं वाटायची आणि तेवढ्यावर बोली लावायची. चार पानांवर. बाकीची चार काय येतील देवाला माहीत. मंगळूर, केरळपासून खाली श्रीलंकेपर्यंत हाच खेळ चालतो, मला हे नोकरीत कळलं. जहाजावर एक श्रीलंकन कुक होता, भाषा एक नाही, इंग्रजी त्याचं तोडकं माझंही तोडकं, पण गुलाम सगळ्यात वर ठेवलेला बघून तो हसला आणि त्या दिवसापासून मला भाताबरोबर जास्तीचा माशाचा तुकडा.

विनू_डोंबिवली
लोकल! ८ वाजताची गाडी, चार जण समोरासमोर, मांडीवर ब्रीफकेस, वर पेपर आणि सुरू. भिडू ठरलेले. गर्दीत उभी माणसं पण डाव बघायची, कल्याणहून चढलेला एक जण उभ्यानेच सल्ले द्यायचा त्याला आम्ही पंच म्हणायचो. रिटायर झाल्यावर ऑफिस नाही आठवत, तो डाव आठवतो. ठाणं गेलं की घाई, घाटकोपरला एकाचा भिडू उतरायचा आणि उभा असलेला माणूस त्याची पानं हातात घ्यायचा, डाव तुटू द्यायचा नाही

पुणेरी पाटी नाही
लोकलमधले पत्तेवाले बसायला जागा देत नाहीत हो पण.

विनू_डोंबिवली
आमच्यातला चौथा रोज मुलुंडला उठून बाईमाणसाला जागा द्यायचा. सगळे एकसारखे नसतात.

बडोद्याची सून
वाचतेय आणि पोळ्या करतेय. मी माहेरची सांगलीची, सासर बडोदा. वाटलं होतं इथे फक्त तीन पत्ती असेल, तर सासूबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात विचारलं मिंढी आवडते का. गुजरातमध्येही मेंढीकोट घरोघरी आहे! श्रावणात सातम-आठमला सौराष्ट्रातले आमचे पाहुणे तर रात्रभर पत्ते, गोकुळाष्टमीला पत्ते खेळतात हे मला आधी विचित्र वाटलं, माहेरी आम्ही दहीकाला आणि भजन. पण मिंढीमुळे सासूबाईंशी मैत्री झाली, खरंच सांगते. आम्ही भिडू असायचो. भिडू म्हणून बसल्यावर सासू सून राहत नाही, त्यांचा एक्का पडला की मी दश्शी त्यावर सोडणार हे त्यांना माहीत असायचं. स्वयंपाकघरात न बोललेलं पत्त्यांवर बोललो आम्ही.

मिरजमावशी
सांगलीत कुठे गं?

बडोद्याची सून
विश्रामबाग. तुम्ही मिरजेत?

मिरजमावशी
ब्राह्मणपुरी. माझी भाची विश्रामबागेत आहे. भडंग मिळतं का तिकडे चांगलं?

बडोद्याची सून
नाही हो, येताना पोतंभर आणते.

तळकोकण
सावंतवाडीचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पुरा होऊ देणार नाही. आमची गंजिफा! गोल पानं, लाखेचं काम, हाताने रंगवलेली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे बारा दाहे एकशेवीस पानं. तिघं खेळतात, चाळीस चाळीस पानं हातात. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, हेच पाठ व्हायला वेळ लागतो. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. ही कला जवळपास संपली होती, राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी चितारी कारागिरांना धरून ती परत उभी केली. राजवाड्यात आजही कारागीर बसून रंगवताना दिसतात, नक्की जा. एक मत्स्य अवताराचं पान रंगवताना मी बघितलंय, माशाच्या एकेका खवल्याला बारीक कुंचला टेकत होता तो माणूस आणि श्वास सोडायचा तो कुंचला उचलल्यावरच. मला वाईट एवढंच वाटतं की लोक फ्रेम करायला घेऊन जातात. खेळायला शिका हो, खेळायची वस्तू आहे ती.

घाटमाथा
@तळकोकण नियम कुठे नीट लिहून ठेवले असतील तर टाका. घरी तिघं आहोत, बसू.

तळकोकण
हो, पेपरवर काढतो आणि फोटो टाकतो. गणपतीत जागरणाला काका खेळायचे त्यांना विचारून.

झब्बूप्रेमी
झब्बू कुणीच कसा नाही??? बदाम सात? गुलामचोर? नॉट अॅट होम?

पुणेरी पाटी नाही
ते पण आहेत, पण ते सगळीकडचे. कोणत्या भागाचे म्हणणार.

झब्बूप्रेमी
आमच्या चाळीचे. पाणी यायची वाट बघताना बदाम सात. नळ आला की ज्याच्याकडे जास्त पानं तो आधी हंडा घेऊन उठायचा, हरणाऱ्याला बरं वाटायचं

न्यू जर्सीचा नातू
आजोबा तिकडे नागपूरला असतात, व्हिडिओ कॉलवर मेंढीकोट खेळायचा प्रयत्न केला, नाही जमत. पानांचा आवाज नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही सहा जणांचा मेंढीकोट लावला, दुर्र्या काढून अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकी आठ, तीन-तीन भिडू. तिघे मराठी, एक गुजराती, दोन दिल्लीचे. दिल्लीवाले थप्पी उचलू देईनात 😀 धागा वाचून कळलं आता का ते.

सासवडची लेक
बघा!! मी म्हटलं ना.

अकोलेकर
आठ जण असले तर दोन कॅट, आठ मेंढ्या म्हणजे आठ दश्श्या. उन्हाळ्यात लाईट गेली की गच्चीवर हेच. पण एक सांगा, दोन कॅटमध्ये दोन सारखीच पानं पडली, समजा दोन्ही इस्पिकचे एक्के, तर हात कुणाचा? आमच्याकडे नंतरच्याचा.

घाटमाथा
पहिल्याचा. आधी आला तो मालक.

मिरजमावशी
नंतरच्याचा गं बाई, नाहीतर दुसऱ्या एक्क्याला अर्थ काय राहिला

कारवारी मासा
डाव बसायच्या आधी ठरवायचं, वाद नको.

अकोलेकर
ठरवतो हो दरवर्षी. पहिल्या डावात ठरवतो, तिसऱ्या डावात मोठे काका आले की बदलतं. त्यांचं वय ब्याऐंशी, त्यांना कोण सांगणार.

घाटमाथा
काका कुठले मूळचे?

अकोलेकर
बुऱ्हाणपूर.

घाटमाथा
मग बरोबर. तिकडे नंतरच्याचाच असेल. तरी आमच्याकडे पहिल्याचा.