मदत हवी आहे: सांगलीत एकट्याचा स्वयंपाक, महिन्याला २२०० रुपये, फ्रीज नाही

विश्रामबागची खोली
मंडळी नमस्कार. राहणार एकटाच. जेवणखाण्याला महिन्याला २२०० रुपये, त्यावर काही निघत नाही. सामान म्हणजे १२०० वॉटची इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, सपाट लोखंडी तवा, दोन पातेली. गॅस नाही, फ्रीज नाही. सकाळी साडेआठला बाहेर, संध्याकाळी सातला परत. शाकाहार, अंडं चालतं. अडचणी दोन. पालेभाजीची पेंडी एकट्याला संपत नाही, निम्मी सडते. आणि वीस तारखेनंतर नुसता भात नि चटणी उरते. महिन्याचा बाजार किती भरावा, आठवडा कसा लावावा?

शाळू
वीस तारखेची ओढ लागते ती रोज थोडं थोडं आणल्यामुळे. पगार झाला की त्याच दिवशी कोरडा बाजार भरून टाका. एका माणसाला महिन्याला: ज्वारी ६ किलो, गहू २, तांदूळ ३, तूरडाळ १, मसूर-मटकी-हुलगे (कुळीथ)-मूग मिळून २, बेसन अर्धा, शेंगदाणे पाऊण किलो, गूळ पाऊण किलो, तेल १ लिटर, कांदा-लसूण मसाला पावशेर, शिवाय मीठ, मोहरी, जिरं, हळद. दळणासकट १४०० रुपये धरा. उरलेल्या ८०० मधले ६०० कांदा-लसूण आणि भाजीला, २०० अंडी-दह्याला. भाव हलतील, वाटणी हलवू नका. भाजीचे ६०० एकदम खिशात ठेवू नका, दीडशेच्या चार पुड्या करा. एका आठवड्याची पुडी संपली की त्या आठवड्यात पिठलं.

यातून रोज साधारण २०० ग्रॅम ज्वारी, १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम डाळ-कडधान्य पोटात जातं. कडधान्यातली काटकसर मात्र करू नका. लोक पैसे वाचवायला भात वाढवतात आणि डाळ पातळ करतात. मग चार वाजता भूक लागते आणि वडापावला वीस रुपये जातात.

चाकवत
पेंडीचं सांगतो. पेंडी संध्याकाळी घ्या, मंडई उठायच्या वेळी विक्रेते वाटे स्वस्तात काढतात. खोलीवर आणली की लगेच निवडा, पण धुऊ नका. ओली भाजी रात्रीतच काळी पडते. कोरडी निवडलेली पानं ओलसर फडक्यात सैल गुंडाळली की उन्हाळ्यातही दुसरा दिवस काढतात. पहिल्या रात्री अर्ध्या मेथीची मूगडाळ घालून भाजी. दुसऱ्या दिवशी उरलेली बारीक चिरून ज्वारी-बेसनाच्या पिठात मळून धपाटी. पेंडी संपली! शेपू, पोकळा, तांदळी सगळ्याला हेच लागू.

आठवड्याला दोनच पेंड्या. बाकीचे दिवस टिकाऊ माल: दुधी किंवा भोपळ्याचा तुकडा, कोबी, गवारी. कोबीचा अख्खा गड्डा घेतलात तरी वरची पानं काढत काढत वापरला तर चार दिवस जातो. मधून चिरला की दुसऱ्या दिवशी कडेने काळा.

मोडांचं प्रमाण एकट्याला कायम चुकतं. कोरडी मटकी ५० ग्रॅम, म्हणजे एक मूठ, एका वेळच्या उसळीला पुरते, कारण मोड आल्यावर ती दुपटीच्या वर फुगते. आठ तास भिजत, पाणी पूर्ण निथळून फडक्यात. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. उन्हाळ्यात जास्त ठेवली की बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. ती खाऊ नका.

माणदेशी
वरच्या यादीत हुलग्याला मसुराच्या रांगेत बसवलंय, त्याला थोडा मान द्या. रात्रभर भिजवून, सात-आठ शिट्ट्या काढून उसळ होते आणि तिचं पाणी म्हणजे दुसऱ्या वेळची आमटी. अर्धा किलो हुलगे कोरडे भाजून दळून ठेवा. हे माडग्याचं, म्हणजे हुलग्याच्या पातळसर कढणाचं पीठ. सातला दमून आलात की दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं, लसूण-जिऱ्याच्या फोडणीत दीड वाटी पाणी उकळायचं, त्यात ते ओतून पाच मिनिटं हलवायचं. थेट उकळत्यात कोरडं पीठ टाकलं तर गुठळ्या होतात, मग त्या मोडत नाहीत.

अख्ख्या मसुराला तेवढा वेळ लागत नाही. तासभर भिजवून तीन शिट्ट्या, कांदा, लसूण, कांदा-लसूण मसाला. कराड-इस्लामपूरच्या धाब्यांवर चालतो तोच पदार्थ, फक्त तेल कमी.

शेंगदाण्याचं कूट आठवड्यापुरतंच करा. जास्त ठेवलं की खवट होतं.

कोरेगाव रोड
साताऱ्याकडून कोणी येणार असेल तर वाघ्या घेवडा (राजम्यासारखं कडधान्य) एक किलो मागवा, कोरेगावचा. आमटीला फार छान. पण आठ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. घेवडा कच्चट राहिला तर नुसते गॅसेस होत नाहीत, उलट्या-जुलाब लागतात.

फ्रीज नाही म्हणून दुसरं: रात्रीचा भात सकाळच्या डब्यात नेऊ नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. त्यातले काही जंतू पुन्हा गरम करूनही त्रास देतात. सकाळच्या डब्याला भाकरी आणि कोरडी भाजी किंवा झुणका, भात रात्री ताजा.

रेशन
तुमचं नाव घरच्या रेशनकार्डावर आहे का? कार्ड 'प्राधान्य कुटुंब' या गटातलं असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. त्यासाठी गावी जायला लागत नाही. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे सांगलीतल्या दुकानातही आधारवर अंगठा देऊन तुमच्या वाट्याचं उचलता येतं. मात्र ते त्याच कार्डाच्या कोट्यातून वजा होतं, म्हणून आधी घरी विचारा. मिळालं तर गहू-तांदळाचे पैसे वाचतात, ते डाळीला आणि अंड्यांना लावा.

विश्रामबागची खोली
सगळ्यांचे आभार. कार्डावर नाव आहे, आज घरी विचारतो. एक राहिलं. ज्वारीची भाकरी थापताना कडेने चिरते, आणि शेगडीवर फुगत नाही.

शाळू
चिरते कारण पिठाला जिगी नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं की आहे तोही जातो. म्हणून सहा किलो एकदम दळू नका, तीन-तीन किलो पंधरा दिवसांनी. गिरणीत ज्वारीच्याच मागे लावायला सांगा, नाहीतर आधीच्या दळणाचं पीठ मिसळतं.

थापायचा हात बसेपर्यंत उकड काढा. एक वाटी पाणी मीठ घालून खळखळ उकळलं की शेगडी बंद, एक वाटी पीठ टाकून ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं गरम असताना तळहाताने चांगलं पाच मिनिटं मळा. इथेच लोक घाई करतात. एका वाटीत दोन मध्यम भाकऱ्या होतात.

फुगण्यासाठी जाळ लागतो, तो तुमच्याकडे नाही. तवा पूर्ण तापवून भाकरी टाका, वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायला लागलं की लगेच उलटा. पाणी पूर्ण वाळू दिलं तर वरचा पापुद्रा तडकतो आणि वाफ निसटते. दुसरी बाजू खरपूस झाली की परत उलटून फडक्याने कडा दाबत फिरवा. पूर्ण टम्म नाही फुगली तरी आतून शिजते.

चाकवत
आणि भाकरी काढल्यावर तवा लगेच उतरवा, शेगडीवर रिकामा तापू देऊ नका. पातळ तव्याचा तळ वाकतो, मग तो काचेवर सपाट बसत नाही आणि भाकरी मध्येच करपते.