एचएफआय असलेल्या मुलासाठी गोड काय करता येईल?

पाऊलवाट

नमस्कार. माझ्या मुलाला एचएफआय आहे, म्हणजे आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता. फळांत, मधात आणि नेहमीच्या साखरेतही असणारी फ्रुक्टोज ही साखर त्याला जन्मतःच सोसत नाही. आता तो सहा वर्षांचा आहे. अंगावरचं दूध पीत होता तोवर सगळं छान होतं. वरचं खाणं सुरू झालं आणि उलट्या, घाम, मलूल पडून राहणं सुरू झालं. पुढे जनुक तपासणीत एएलडीओबी जनुकातला दोष सापडला. तेव्हापासून साखर, गूळ, मध, फळं आणि गोडसर भाज्या घरातून गेल्या. यकृत आता व्यवस्थित आहे, वजन वाढतंय, त्याबाबत काही तक्रार नाही.

अडचण वेगळी आहे. आजवर त्याने गोड कधी मागितलंच नव्हतं. आता शाळेत वाढदिवस साजरे होतात, सगळी मुलं केक खातात आणि हा आपला डबा घेऊन बसतो. परवा त्याने विचारलं, "मला चालेल असा केक असतो का?" मी "शोधते" म्हटलं आणि म्हणून इथे लिहितेय.

आहारतज्ज्ञांनी ग्लुकोज चालेल असं सांगितलंय. पण नुसत्या ग्लुकोजवर केक होतो का? स्टीव्हिया वापरावं का? आणि नातेवाईक प्रेमाने "शुगर-फ्री" चॉकलेटं आणतात, त्यांना काय सांगायचं? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोकळी_खिडकी

मलाही फ्रुक्टोज सोसत नाही. सफरचंद खाल्लं की पोट फुगतं. श्वासाच्या तपासणीत निदान झालं. मी काही महिने सगळं बंद केलं आणि मग अगदी थोडं थोडं सुरू केलं, आता बऱ्यापैकी चालतं. लहान मुलांना तर सवय लवकर होते. खजूर घालून केक करून बघा. नैसर्गिक गोडवा आहे, एखादा छोटा तुकडा द्यायला काय हरकत आहे?

बिनसाखरेची

पाऊलवाट, मला जन्मापासून एचएफआय आहे आणि आता चाळिशी ओलांडली आहे. तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी वरच्या प्रतिसादाबद्दल लिहिणं मला फार गरजेचं वाटतं.

मोकळी_खिडकी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण तुमचा त्रास आणि या मुलाचा आजार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमचं फ्रुक्टोज आतड्यातून नीट शोषलं जात नाही. ते तिथेच आंबतं, पोट फुगतं, जुलाब होतात. त्रास खरा आहे, पण यकृताला धक्का लागत नाही आणि थोडंफार चालतंही. एचएफआयमध्ये फ्रुक्टोज व्यवस्थित शोषलं जातं आणि यकृतात पोचतं. तिथे ते पुढे फोडणारं अल्डोलेज-बी हे विकर (एन्झाइम) नसतं किंवा काम करत नाही, त्यामुळे फ्रुक्टोज-१-फॉस्फेट साचत जातं. पेशीतला फॉस्फेट त्यात अडकतो, ऊर्जा संपते आणि यकृताला रक्तात ग्लुकोज सोडता येत नाही. म्हणजे गोड खाल्ल्यावर रक्तातली साखर उलट खाली येते. हे वारंवार झालं तर यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही खराब होतात. याची सवय कधीच होत नाही, कारण विकर सवयीने तयार होत नाही. खजुराचा छोटा तुकडासुद्धा नाही. आणि एचएफआयची शंका असेल तर फ्रुक्टोज पाजून करायची ती श्वासाची तपासणीही करायची नाही, ती धोक्याची आहे. इतर पालक हा धागा वाचतील म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

आता केक. हो, नुसत्या ग्लुकोजवर होतो आणि चांगला होतो.

औषधाच्या दुकानात किंवा बेकिंगच्या सामानात डेक्स्ट्रोज मिळतं, तेच ग्लुकोज. घटकांमध्ये फक्त डेक्स्ट्रोज किंवा ग्लुकोज मोनोहायड्रेट असं एकच नाव हवं. फळांच्या चवीची ग्लुकोज पावडर घेऊ नका, त्यात बहुतेकदा साखर असते. नेहमीच्या केकच्या कृतीत साखरेच्या वजनाइतकंच डेक्स्ट्रोज घाला. मैदा, लोणी, अंडी, दूध, बेकिंग पावडर तसंच ठेवा. दोन फरक लक्षात ठेवा. ग्लुकोजची गोडी साखरेच्या साधारण पाऊणपट असते, ती वाढवायला जाऊ नका, कारण या मुलाची जीभ साखरेला सरावलेली नाही, त्याला तेवढं भरपूर वाटेल. आणि ग्लुकोज लवकर करपतं. वरून तपकिरी होतं आणि आतून कच्चं राहतं. म्हणून ओव्हन नेहमीपेक्षा पंधरा-वीस अंशांनी कमी ठेवा, वेळ थोडा जास्त द्या, वरचा रंग आला की कागदाने झाका.

वरच्या थरासाठी लोणी आणि साय फेटून त्यात मिक्सरमध्ये अगदी बारीक केलेलं डेक्स्ट्रोज घाला. खाताना जिभेला गार लागेल. ग्लुकोज विरघळताना उष्णता ओढून घेतं, त्याचा तो परिणाम आहे, काही बिघडलेलं नसतं. मुलाला आधी सांगून ठेवा. मला लहानपणी तो गारवाच सगळ्यात जास्त आवडायचा.

केकपेक्षाही सोपं म्हणजे आइस्क्रीम. दूध, साय, अंड्याचा बलक, डेक्स्ट्रोज. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूच्या निम्म्या आकाराचा, त्यामुळे तेवढ्याच वजनात मिश्रणाचा गोठणबिंदू जास्त खाली जातो आणि आइस्क्रीम मऊ राहतं. व्यावसायिक आइस्क्रीम करणारे यासाठी मुद्दाम डेक्स्ट्रोज वापरतात. म्हणजे इथे तुमच्या मुलाच्या वाटीतलं आइस्क्रीम इतरांपेक्षा सरस होण्याची शक्यता आहे, आणि वाढदिवसाला सगळ्या मुलांना तेच द्या असं मी आग्रहाने सांगेन. त्याचं वेगळं ताट नको. एकच पदार्थ, सगळ्यांना.

दुधात मऊ शिजवलेला पांढरा तांदूळ, त्यात डेक्स्ट्रोज, हेही छान लागतं. साध्या दूध पावडरीत लोणी आणि डेक्स्ट्रोज मळून वड्या होतात. दुधातली साखर लॅक्टोज आहे, ती ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची बनलेली असते, त्यामुळे आपल्याला चालते. डबाबंद गोड आटवलेलं दूध मात्र नाही, त्यात भरपूर साखर असते.

"शुगर-फ्री"बद्दल नातेवाइकांना एकच वाक्य सांगा: हे मधुमेहींसाठी आहे, याच्यासाठी घातक आहे. सॉर्बिटॉल शरीरात गेल्यावर फ्रुक्टोजच होतं. माल्टिटॉल, आयसोमाल्ट आणि लॅक्टिटॉल फुटले की सॉर्बिटॉल निघतं. शुगर-फ्री चॉकलेटात बहुधा यातलंच काहीतरी असतं. टॅगाटोज आणि आयसोमाल्टुलोज ही नवी नावं आरोग्यदायी म्हणून विकली जातात, पण आयसोमाल्टुलोज म्हणजे ग्लुकोज अधिक फ्रुक्टोज, आणि टॅगाटोज शरीरात त्याच वाटेने जाऊन त्याच विकरापाशी अडतं. इन्युलिन ही तर फ्रुक्टोजची साखळी, आणि ती "तंतुमय पदार्थ" या नावाखाली दह्यात, बिस्किटांत, मुलांच्या दूध पावडरीतसुद्धा असते. शुद्ध स्टीव्हियाच्या अर्कात अडचण नसते, पण बाजारात मिळणारी स्टीव्हिया पावडर म्हणजे चिमूटभर स्टीव्हिया आणि बाकी भर. ती भर कशाची आहे हे वाचल्याशिवाय घेऊ नका. मी स्वतः वापरत नाही. ग्लुकोज असताना मला त्याची गरज वाटली नाही.

सगळ्यात फसवं नाव म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज सिरप. घाईत पहिलाच शब्द वाचला जातो. स्टार्चपासून केलेलं साधं ग्लुकोज सिरप चालतं, हे नाही. आणि "एकूण साखर" या आकड्यावर विसंबू नका. साध्या दुधावरही १०० मिलिलिटरला जवळपास ५ ग्रॅम लिहिलेलं असतं आणि ते सगळं लॅक्टोज असतं. कुठली साखर, हे घटकांच्या यादीतच कळतं. दिवसभरात नकळत पोटात जाणारं फ्रुक्टोज किती चालेल हे त्याच्या वजनावरून आहारतज्ज्ञच ठरवतील. मैदा, भाज्या यांतलं थोडंथोडंही त्या हिशेबात धरायचं असतं.

एक मात्र मनापासून सांगायचंय. एवढं सगळं करून केक समोर ठेवाल आणि तो कदाचित खाणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. १९५६ साली या विकाराची पहिली वैद्यकीय नोंद झाली ती एका तरुण बाईची. तिला फळं आणि साखर खाल्ली की मळमळायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना निदान होण्याआधीच गोडाचा तिटकारा बसलेला असतो. त्या तिटकाऱ्याने अनेकांना वाचवलंय. माझी आई माझ्यासाठी केक करायची, पण "एक घास तरी खा" असं कधी म्हणाली नाही. मी वास घ्यायचे, बोट लावायचे आणि बाजूला ठेवायचे. पुढे कधीतरी खायला लागले. त्याच्या "नाही"ला घरात मान असेल, तर उद्या बाहेर कुणी आग्रह केला तरी तो ठामपणे नाही म्हणू शकेल. ही त्याची सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे.

खल_बत्ता

मी औषधनिर्माता आहे. गोडाचा विषय निघालाच आहे तर औषधांचं सांगतो, कारण पालकांचं लक्ष खाण्यावर असतं आणि साखर मात्र तापाच्या सिरपमधून पोटात जाते. मुलांच्या बहुतेक पातळ औषधांत साखर किंवा सॉर्बिटॉल असतं. चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतही असतं. फळं बंद असल्याने या मुलांना क जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं, तेव्हा साधी पावडर किंवा घटक पडताळलेली गोळी घ्या. टूथपेस्टमध्ये सॉर्बिटॉल जवळजवळ हमखास असतं, आणि सहा वर्षांचं मूल ती थोडीफार गिळतंच. काही लसींत आणि शिरेतून द्यायच्या औषधांतही साखर किंवा सॉर्बिटॉल असतं, त्यातलं शिरेतून जाणारं सॉर्बिटॉल किंवा फ्रुक्टोज या मुलांसाठी जिवावरचं ठरू शकतं. म्हणून आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड किंवा कडं त्याच्याजवळ कायम असू द्या.

मोकळी_खिडकी

बिनसाखरेची, हा फरक मला ठाऊक नव्हता. संपादकांना माझा खजुराचा सल्ला काढून टाकायला सांगते.

बिनसाखरेची

काढू नका हो. हाच सल्ला प्रत्येक पालकाला कुणी ना कुणी देतंच. खाली उत्तर आहे, ते एकत्र वाचलं जाऊ दे.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. टूथपेस्टचा विचार माझ्या मनातही आला नव्हता, आत्ताच जाऊन पाहिलं, दुसरा घटक सॉर्बिटॉल. उद्या दंतवैद्यांना विचारते.

बिनसाखरेची, सगळ्यांना एकच आइस्क्रीम ही कल्पना मला फार आवडली. त्याला सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, "चॉकलेटचं होईल?" होईल का? आणि व्हॅनिला, रंग?

बिनसाखरेची

होईल. काहीही न मिसळलेली कोको पावडर घ्या, घटकांत फक्त कोको हवा. त्यात स्वतःची साखर नगण्य असते. "ड्रिंकिंग चॉकलेट" घेऊ नका, ती मुख्यतः साखरच असते. कोको थोड्या गरम दुधात आधी नीट शिजवून घ्या, नाहीतर आइस्क्रीम रवाळ होतं. कोकोच्या कडवटपणामुळे डेक्स्ट्रोज इथे जरा सढळ हाताने घाला.

व्हॅनिलाच्या शेंगेतले दाणे सगळ्यात बरे. इसेन्स घेतलात तर साखर, सिरप किंवा सॉर्बिटॉल नाही ना ते बघा. जेलचे रंग टाळा, त्यात बऱ्याचदा सिरप असतं. वर पसरायचे रंगीत दाणे तर साखरेचेच असतात. सजावटीला फेटलेली साय आणि वरून चाळणीने कोको, पुरे.

एकदा फक्त घरच्यांसाठी थोडं करून बघा आणि मिश्रण ढवळायला त्यालाच बसवा. आत काय काय पडलंय हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असू दे.